वाचण्याचे अंतर

चष्म्याच्या त्या दुकानात शिरणाऱ्या माणसाला पहिला प्रश्न डोळ्यांविषयी विचारला जात नसे. 'सध्या काय वाचताय?' असे विचारले जाई. नवखे गिऱ्हाईक गडबडून जाई. कोणी ओशाळून म्हणे, 'वेळच कुठे मिळतो?' कोणी शाळेत कधीतरी वाचलेल्या पुस्तकाचे नाव ठोकून देई. एक विमा एजंट तर उखडून म्हणाला होता, 'बाई, मी चष्मा करायला आलोय, मुलाखतीला नाही.' प्रश्न विचारणाऱ्या बाई त्यावर हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. हातातली कापडी टेप बोटांभोवती गुंडाळत त्या एवढेच म्हणाल्या, 'जे वाचत असाल ते घेऊन या. उद्या आलात तरी चालेल. डोळे कुठे पळून जात नाहीत.'

ही रीत थोरल्या मालकांची. जवळचा नंबर काढताना सगळीकडे हातात छापील तक्ता देतात; वर मोठी अक्षरे, खाली उतरत बारीक. थोरल्या मालकांचा त्या तक्त्यावर काडीचा विश्वास नव्हता. तक्ता हातात आला की माणूस ताठ बसतो, श्वास रोखतो आणि हट्टाने शेवटची ओळ गाठतो. घरी गेल्यावर मात्र हाच माणूस पुस्तक पोटावर ठेवून लोळतो आणि नव्या चष्म्याच्या नावाने बोटे मोडतो. 'तक्ता वाचतो तो उमेदवार,' मालक म्हणत, 'आणि पुस्तक वाचतो तो माणूस. चष्मा आपल्याला माणसाला द्यायचाय.' म्हणून त्यांनी खिडकीपाशी हात टेकायची एक जुनी खुर्ची ठेवली. गिऱ्हाइकाने स्वतःचे पुस्तक घेऊन तीत बसायचे, चाचणीची जड चौकट नाकावर चढवायची आणि जिथे खूण असेल तिथून पुढे मोठ्याने वाचायचे. वाचता वाचता तो सैलावला की डोळ्याच्या कोपऱ्यापासून पानापर्यंतचे अंतर टेपने मोजायचे आणि त्या अंतराला साजेल अशी काच निवडायची.

सगळी मेख 'सैलावला की' या शब्दांत होती, आणि ती बाईंइतकी कोणाला साधली नाही. माणूस टेप केव्हा विसरतो हे त्यांना आवाजावरून कळे. आधी तो दुसऱ्यासाठी वाचत असतो. शब्द नीट उच्चारतो, पूर्णविरामाला थांबतो. मग कुठल्यातरी ओळीला आवाज खाली बसतो, घरच्यासारखा होतो, आणि तो स्वतःसाठी वाचू लागतो. त्या क्षणी बाई टेपचे एक टोक पानावर अलगद टेकवत. थोरले मालक गेले, दुकानाच्या पाटीचा रंग दोनदा बदलला, आणि पेठेत बाईंना नाव पडले ते 'मापाच्या बाई'.

अशा धंद्यात अर्ध्या पेठेचे वाचन बाईंच्या कानांवरून जाई हे ओघानेच आले. औषधांच्या दुकानाचा मालक एकच जाडजूड रहस्यकथा वर्षानुवर्षे पुरवून वाचत होता. निवृत्त परिचारिका घराबाहेर फारशा पडत नसत, पण वाचत ती केवळ प्रवासवर्णने. बँकेतला रोखपाल हिशेबाच्या मासिकात कवितांचे पातळ पुस्तक लपवून आणी, आणि वाचताना असा काही लाजे की त्याचे माप घ्यायला बाईंना दोन खेपा लागल्या. एकाचे पुस्तक दुसऱ्याच्या कानी घालणे हेही मग बाईंच्याच अंगावर पडले.

'औषधवाले कुठवर आलेत?' परिचारिकाबाई विचारत.

'दिवाणखान्यातल्या प्रेतापाशी.'

'अजून? मेलेल्या माणसाला तरी कंटाळा येईल हो!'

'तुम्ही मात्र त्यांना खुनी सांगू नका हं. मागे शिंप्याने सांगितलं, तर बाबा महिनाभर त्याच्याकडून कपडे शिवून घेईनात.'

गिऱ्हाईक गेले की बाई त्याच्या पुस्तकाचे नाव मनात घोळवत ठेवत आणि संध्याकाळी घरी जाताना कोपऱ्यावरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात डोकावत. दुकानदार गठ्ठ्यांच्या आडून मान वर करून विचारी, 'आज कोणाचं?' बाई सांगत, 'रोखपालांचं,' किंवा 'परिचारिकाबाईंचं.' मिळाले तर पुस्तक घरी जाई. घर म्हणजे बंद पडलेल्या छापखान्याच्या वरची एक खोली. एक पलंग, एक टेबल, दोन खुर्च्या. दुसऱ्या खुर्चीवर घडी केलेले कपडे असत. तिला बसायची खुर्ची म्हणावे असा प्रसंग फारसा येत नसे. तिथे बसून बाई दुसऱ्याचे पुस्तक वाचत. खुर्चीतल्या माणसाने जिथे सोडले तिथून त्या सुरू करत, आणि त्याचाच आवाज पुढे चालू आहे अशी कल्पना करत. खोलीत एवढी वर्दळ त्यांना पुरे होती.

रविवारी भावाच्या घरून फोन येई. भाऊ प्रकृती विचारून रिसीव्हर वहिनीकडे देई.

'वन्सं, जेवलात?'

'जेवले.'

'आणि दुसरं काय?'

'औषधवाल्यांचं पुस्तक संपत आलं.'

'कमाल आहे बाई तुमची! अख्ख्या पेठेचं पुस्तक तुम्हाला ठाऊक, आणि आमच्या धाकटीला पहिला दात आला ते मी सांगेपर्यंत पत्ता नाही.'

वहिनी हसत, बाईही हसत. मग फोन ठेवल्याचा आवाज बराच वेळ खोलीत राही.

जगाला 'सध्या काय वाचताय' विचारणाऱ्या बाईंना तोच प्रश्न उलटून विचारणारे माणूस पेठेत एकच होते. त्यांना सगळे नकाशेकाका म्हणत. पाणीपुरवठा खात्यात त्यांनी उभी हयात जमिनीखालच्या नळांचे नकाशे काढण्यात घालवली होती. बायको गेल्यापासून एकटेच राहत. मुलगी दुसऱ्या शहरात. साल उलटले की ते पुस्तक काखोटीला मारून दुकानात येत. नंबर बदलला असो वा नसो, खुर्चीत बसून पानभर वाचत, आणि उठताना टोपी झटकत म्हणत, 'माझं झालं. आता तुम्ही सांगा. तुम्ही सध्या काय वाचताय?'

'परिचारिकाबाईंचं वाळवंट.'

'ते त्यांचं. तुमचं काय?'

बाई टेप गुंडाळत.

'म्हणजे अजून पाहुण्यांच्या ताटातच जेवताय!' काका म्हणत, आणि दाराशी गेल्यावर वळून, 'पुढच्या खेपेला तुमचं स्वतःचं पाहिजे. नाहीतर मी वाचणार नाही.'

ही धमकी बाई वर्षभर जपून ठेवत.

धाकट्या मालकांनी यंत्र आणले तेव्हा खुर्ची खिडकीपासून हलून कोपऱ्यात गेली. यंत्रात हनुवटी टेकवली की ते आपणहून आकडे सांगे. लोकांकडे पुस्तकेही कमीच उरली होती. 'सध्या काय वाचताय?' म्हटले की बहुतेक जण खिशातला मोबाइल काढून दाखवत. धाकटे मालक स्वभावाने वाईट नव्हते. 'बाई, तुमची टेप संग्रहालयात देऊ या,' असे ते थट्टेने म्हणत, पण कोणी पुस्तक घेऊन आलेच तर खुर्ची स्वतः उचलून उजेडात आणून ठेवत. असे येणारे आता बोटांवर मोजण्याइतके होते, आणि बाई ती बोटे मिटून धरत.

एक गोष्ट मात्र त्या यंत्रालाही सांगता आली नसती. खुद्द बाईंच्या वाचनाचे माप आजवर कोणी घेतले नव्हते. स्वतःचे अंतर स्वतःला मोजता येत नाही; हात टेपकडे गेला की मान हलते, पुस्तक हलते, आणि मोजायचे असते तेच नाहीसे होते. थोरले मालक एकदा 'घेऊ हं सवडीने' म्हणाले होते. ती सवड काही आली नाही. बाई अंदाजाने नंबर ठरवत आणि अंदाजाच्या काचांतून वाचत.

त्या वर्षी नकाशेकाका नेहमीपेक्षा लवकर आले. काखेत नदीचे पुस्तक होते. एका मोजणीदाराने नदीच्या मुखापासून उलटे चालत उगमापर्यंत केलेल्या पायपिटीची ती हकीकत. हेच पुस्तक ते मागेही एकदा घेऊन आले होते. तेव्हा बाईंनी कोपऱ्यावरच्या दुकानातून त्याची प्रत मिळवली होती. आवृत्ती एकच निघालेली असल्यामुळे ती काकांच्या प्रतीची जुळी बहीणच होती.

'परत तेच?' बाईंनी विचारले.

'परत तेच. या वयात नवं पुस्तक घेऊ नये, बाई. त्याचा शेवट यायच्या आधी आपला यायचा.'

काका खुर्चीत बसले. बाईंनी चौकट चढवली, काचा घातल्या. काकांनी खुणेची दोरी बाजूला केली आणि वाचायला सुरुवात केली. पहिल्या शब्दापासून आवाज खाली बसलेला, घरचा. बाईंना बरे वाटले. इतक्या वर्षांच्या ओळखीत या माणसाला टेप विसरायला आता वेळही लागत नाही, असे त्यांच्या मनात आले. त्यांनी टेपचे टोक पानावर टेकवले आणि अंतर घेतले. पण टोक लगेच उचलले नाही. मोजणीदार शेवटच्या चढणीला लागला होता, आणि तो वर पोहोचेपर्यंत हलू नये असे त्यांना वाटले.

'"उगमाशी पोहोचलो, आणि पाहतो तो नदी कुठेच नव्हती,"' काका वाचत होते, '"ओल तेवढी होती. मी हात टेकला, आणि तळव्याला जे गार लागले त्याला नदी म्हणावे की नाही हे मला ठरवता येईना."' त्यापुढचा परिच्छेदही त्यांनी सलग वाचला.

'या काचेने कसं दिसतंय?'

'एकदम स्वच्छ.'

'आणि ही?'

'हीच. हीच बरोबर. आता घासाघीस नको.'

मग ते उठले, टोपी झटकली. पण या खेपेला लगेच प्रश्न विचारला नाही. म्हणाले, 'लेक येणार आहे. म्हणते, एकटे राहू नका, चला माझ्याकडे. मी सांगितलंय, चष्मा जुना झालाय, एवढंच. मापाच्या बाईंना विचार म्हटलंय.' आणि दाराशी पोहोचल्यावर, 'तुम्ही सध्या काय वाचताय?'

'तुमचंच,' बाई म्हणाल्या. 'आज घरी गेल्यावर.'

'ते माझं!' काका ओरडले, पण हसत.

संध्याकाळी बाईंनी आपली प्रत काढली. कपड्यांची घडी पलंगावर ठेवून दुसरी खुर्ची रिकामी केली. का केली ते त्यांनाही सांगता आले नसते. काकांनी सुरू केले होते तिथून त्या वाचू लागल्या. शेवटची चढण आली. 'उगमाशी पोहोचलो, आणि पाहतो तो नदी कुठेच', आणि उजवे पान तिथे संपले. 'नव्हती' हा शब्द पलीकडच्या पानावर होता.

बाईंनी पान उलटले. मग परत मागे आणले.

काकांनी पान उलटले नव्हते. त्यांचे दोन्ही हात पुस्तकाखाली होते, आणि उजवा अंगठा कोपऱ्यावर शेवटपर्यंत तसाच दाबलेला होता. बाईंच्या बोटांत टेपचे टोक होते; पान उलटले असते तर ते उचलावे लागले असते. टोक उचलल्याचे बोटांना आठवत नव्हते. म्हणजे वाक्य पानाबाहेर गेले, परिच्छेदच्या परिच्छेद पलीकडच्या पानावर वाचला गेला, आणि पुस्तक मात्र होते तिथेच होते.

तक्ता दिला असता तर ही चूक झाली नसती. पुस्तक घरचे होते, पाठ होते, म्हणून तर आवाज पहिल्या शब्दापासून घरचा होता. ज्या खुणेवर बाईंनी आयुष्यभर विश्वास टाकला होता, तीच खूण त्यांना फसवून गेली होती. आणि खरे सांगायचे तर फसायला त्या स्वतः एका पायावर तयार होत्या. त्यांनी माप घेतले नव्हते, पुस्तक ऐकले होते. जे डोळे वाचतच नव्हते त्यांच्यासाठी त्यांनी अगदी काटेकोर नंबर काढला होता.

काचा दोन दिवसांनी तयार होऊन आल्या. बाईंनी त्या फ्रेममध्ये बसवल्या, पुसल्या, डबीत ठेवल्या. मध्यंतरी त्यांच्या मनाने एक साधा हिशेब मांडून पाहिला होता. काही न बोलता चष्मा द्यायचा. मुलगी समाधानाने परत जाईल. काका महिन्याभरात 'जमत नाही हो' म्हणत येतील, खुर्चीत बसतील, वाचतील. पुन्हा काच बदलून देऊ, पुन्हा येतील. पाठ असलेली पाने संपेपर्यंत हे चालू शकते. हिशेब बिनचूक होता. त्यात कोणाचा तोटा दिसत नव्हता, आणि म्हणूनच बाईंना त्याची भीती वाटली.

चष्मा घ्यायला मुलगीच आली. हातात पिशव्या, कपाळावर थकवा, पण बोलणे मऊ.

'बाबा म्हणाले, तुमच्यापुढे पानभर वाचलं. नीट वाचलं ना त्यांनी?'

'बसा ना,' बाई म्हणाल्या.

'बसत नाही. फक्त तेवढं सांगा. काय आहे, मागच्या आठवड्यात गॅस तसाच चालू राहिला होता. शेजारच्यांना वास आला म्हणून बरं. बाबा म्हणतात, जुन्या चष्म्यामुळे बटण नीट दिसलं नाही. नवा आला की सगळं ठीक. त्यांचा तुमच्यावर फार भरवसा आहे. तुम्ही म्हणालात की मी निश्चिंत जाईन.'

यंत्राच्या पलीकडे धाकटे मालक गिऱ्हाइकाची हनुवटी टेकवत होते. बाईंनी डबी उघडली, मिटली.

'वाचलं,' त्या म्हणाल्या. 'शब्द न् शब्द बरोबर.' मुलीचे खांदे सैल झाले. त्या सैल झालेल्या खांद्यांकडे पाहत बाईंनी पुढचे वाक्य उच्चारले. 'पण पान उलटलं नाही.'

मुलीला कळायला थोडा वेळ लागला. मग ती खुर्चीत बसली, तीच खुर्ची, आणि पिशव्या मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत राहिली. म्हणाली, 'लहानपणी मला तेच पुस्तक वाचून दाखवायचे.' आणि उठताना, 'हा चष्मा आता...'

'मी आणून देईन,' बाई म्हणाल्या. 'बोलले मी; तोंडही मीच दाखवायला हवं.'

काकांच्या घरी बाई इतक्या वर्षांत प्रथमच गेल्या. खिडकीखाली उतरते आरेखनाचे टेबल, त्यावर लाकडी पट्टी, पेन्सिली टोकाकडून लांबीप्रमाणे लावलेल्या. भिंतीशी दोरीने बांधलेले पुस्तकांचे गठ्ठे. मुलगी खोकी आणायला गेली होती. काका टेबलापाशी बसले होते. पावलांच्या आवाजावर त्यांनी मान वळवली, पण वळवली ती खिडकीकडे.

'या, मापाच्या बाई. बसा. कुठे चुकलो तेवढं सांगा.'

'"नदी कुठेच"पाशी. पान संपतं तिथे.'

काकांनी मांडीवर हलकेच थाप मारली. 'संपतं खरं! नकाशात ही चूक केली असती तर अर्ध्या गावाचं पाणी तुटलं असतं.' हसू ओसरले तसा त्यांचा आवाज कोरडा झाला. 'गप्प बसायला तुम्हाला इतकं जड गेलं असतं?'

'नाही,' बाई म्हणाल्या. 'तेच सोपं होतं.'

'गॅस एकदाच राहिला.'

काकांनी लाकडी पट्टीवरून बोट फिरवले.

'डॉक्टरांकडे मी केव्हाच जाऊन आलोय. मधली नजर जाते, म्हणाले, कडेची राहते. औषध नाही. पहिल्यांदा ही खिडकी वाकडी दिसायला लागली. मी गवंड्याला मनातल्या मनात चार शिव्या घातल्या. मग ही पट्टी वाकडी दिसली. ती तर मीच तासलेली. तेव्हा कळलं, दोष गवंड्याचा नाही.' ते थांबले. 'आता तुमच्याकडे बघायचं तर मला खिडकीकडे बघावं लागतं. राग मानू नका.'

'मी वाचून दाखवीन,' बाई एका दमात म्हणाल्या. हे वाक्य त्या वाटेत तयार करत आल्या होत्या. 'तुम्ही तिकडे गेलात तरी. फोनवर. दुकान सुटल्यावर रोज.'

काकांनी इतक्या लवकर मान हलवली की त्यांनीही याचे उत्तर आधीच तयार ठेवले असावे.

'नको. दुसऱ्याने वाचलं की पुस्तक त्याच्या आवाजाचं होतं. माझ्याजवळ थोडं माझ्या आवाजात पाठ आहे. ते पुसलं जायला नको.' आणि लगेच, जरा हळू, 'तुम्ही वाईट वाचाल म्हणून नव्हे हो.'

बाईंनी डबी टेबलावर ठेवली. काकांनी चाचपून चष्मा काढला आणि नाकावर चढवला. 'राहू दे. नाकाला सवय आहे.' मग एकदम म्हणाले, 'टेप आणलीय?'

टेप बाईंच्या पर्सच्या कप्प्यात असेच.

'तुमचं माप कोणी घेतलंय आजवर?'

'नाही.'

'वाटलंच. द्या इकडे. आणि सध्या जे वाचताय ते काढा.'

बाईंच्या पर्समध्ये नदीचे पुस्तक होते. त्या ते काढेपर्यंत काका म्हणाले, 'कळलं. माझंच असणार. असू दे, आज चालेल. पण "कुठेच"च्या दोन पानं पुढून वाचा. तिथून पुढचं मला पाठ नाही.'

बाई खिडकीकडे पाठ करून बसल्या आणि वाचू लागल्या. आधी शब्द नीट उच्चारत, पूर्णविरामाला थांबत. टेप कुठे आहे हे त्यांना कळत होते. स्वतःचाच आवाज त्यांना गिऱ्हाइकासारखा ऐकू येत होता. मोजणीदार उगमाशी रात्र काढून परत फिरला होता. येताना ज्या वस्त्यांनी त्याला पाणी दिले होते, त्या उतरताना लागत होत्या, आणि कोणी त्याला ओळखत नव्हते. एका घराशी तो थांबला. दारातल्या बाईने विचारले, कुठून आलास. त्याला सांगता येईना...

'झालं,' काका म्हणाले.

बाई दचकल्या. टेप केव्हा टेकली हे त्यांना कळलेच नव्हते. खिडकीकडे तोंड करून, कडेच्या नजरेने, काका टेपवरची एक जागा चिमटीत घट्ट धरून बसले होते.

'आकडा तुम्ही बघा. मला तो दिसायचा नाही.'

बाईंनी आकडा पाहिला. त्यांच्या अंदाजाहून तो चांगला दोन बोटे पुढे होता. इतकी वर्षे त्या प्रत्येक पुस्तक जवळ ओढून वाचत आल्या होत्या.

'मग, दाराशी काय सांगितलं त्याने?' काकांनी विचारले.

'त्या बाईला?'

'हो. कुठून आलो म्हणाला?'

बाईंनी पुढची ओळ वाचली, मग त्यापुढचीही. काकांनी थांबवले नाही. जिन्यावर खोक्यांचा आवाज होईपर्यंत बाई वाचत होत्या, आणि टेप परत द्यायचे काकांना सुचले नाही. पुस्तक मिटल्यावर दोघांपैकी कोणीच या वाचनाला 'वाचून दाखवणे' म्हणाले नाही.

निरोपाला बाई गेल्या नाहीत. ती दुकान उघडायची वेळ होती. काकांच्या घराच्या खिडकीला पुढे दुसऱ्या कोणाचे तरी पडदे लागले. मुलीचा एकदा फोन आला. बाबा बरे आहेत, म्हणाली, गच्चीत बसतात आणि ओठ हलवत असतात. बाईंनी विचारले, 'काही म्हणाले?' मुलगी म्हणाली, 'ते झोपलेत आत्ता.'

नव्या मापाच्या काचा बाईंनी स्वतःच बसवल्या. त्या रविवारी वहिनींचा फोन आला तेव्हा पुस्तक मांडीवर होते, हातभर सुखाच्या अंतरावर, आणि अक्षरे आपणहून डोळ्यांपर्यंत चालत येत होती. 'वन्सं, नवा चष्मा केलात म्हणे. कसा आहे?' 'छान आहे,' बाई म्हणाल्या. 'माप कोणी घेतलं?' असे कोणी विचारले असते तर सांगण्यासारखे पुष्कळ होते. वहिनींनी धाकटीच्या दुसऱ्या दाताचे सांगितले. फोन ठेवल्याचा आवाज नेहमीइतकाच राहिला.

दुकानातली खुर्ची कोपऱ्यातच होती. आठवडे जात, आणि तिच्यात कोणी बसत नसे. मग एका संध्याकाळी, कोणाचेही नाव मनात नसताना, बाई कोपऱ्यावरच्या पुस्तकांच्या दुकानात शिरल्या. गठ्ठ्यांच्या आडून मान वर झाली.

'या. आज कोणाचं?'

बाई फळ्यांसमोरून हळूहळू चालत गेल्या. कोणत्याच आवाजात न ऐकलेले एक पुस्तक त्यांनी ओढून काढले. कव्हर फिकट झालेले, आत कोणाची खूण नाही, कोपरा दुमडलेला नाही. त्यांनी ते उघडले, आणि हात आपोआप त्या अंतरावर जाऊन थांबले.

दुकानदाराने मान लांब करून पाहिले. 'हे कोण वाचतंय सध्या?'

रस्त्यावर दिवे लागत होते. बाई पहिली ओळ वाचत होत्या.

'अजून कोणी नाही,' त्या म्हणाल्या.